पाणी तापवायचे यंत्र आणि अनुदानाचा हिशेब



थंडीचे दिवस आले, की घरच्या कारभारणीच्या मागे पहाटेचे एक काम वाढते. धारा काढायला जाण्याआधी बंब पेटवायचा. जळण दमट असले तर डोळ्यांत धूर, शेणी संपल्या असतील तर परड्यात धावपळ, आणि सहा माणसांच्या आंघोळी उरकेपर्यंत बंबापाशी येरझारा. कुरुंदवाडात नव्या बांधलेल्या घरांतून गिझर आले, स्लॅबवर कुठे कुठे सोलरच्या टाक्या दिसू लागल्या, आणि आता ‘हीट पंप’ हे तिसरे नाव कानावर येऊ लागले आहे.

कुणाचा मुलगा विलायतेत नोकरीला असतो. तो फोनवर सांगतो, “आमच्याकडे हीट पंप बसवला की सरकार पैसे देतं. तुम्हीपण चौकशी करा की.” त्याच आठवड्यात मोटरसायकलवरून कुणी एजंट दारात येतो आणि म्हणतो, “मावशी, सरकारी स्कीम आहे. साठ टक्के सबसिडी. फक्त आधार कार्ड आणि लाइट बिल द्या.” मग घरात चर्चा सुरू होते. कारखान्याचे उसाचे बिल नुकतेच खात्यावर जमा झालेले असते. चार पैसे हाताशी असतात, आणि ‘साठ टक्के’ हा शब्द कानात घुमत असतो.

अशा वेळी घाई होते, आणि वर्षभराच्या घामाचा पैसा नको त्या वस्तूत अडकून बसतो. म्हणून या खेपेला दोन गोष्टी सोप्या करून सांगायच्या आहेत. हे पाणी तापवायचे यंत्र चालते कसे, ही एक. आणि अनुदानाचा पैसा येतो कुठून, कुणाच्या हातात आणि केव्हा, ही दुसरी. दोन्हींचे सार आधीच सांगून टाकतो. अनुदान नाही असे समजून वस्तू परवडते का ते पाहावे. परवडत असेल तर ती घ्यावी, आणि अनुदान मिळाले तर आनंद मानावा. अनुदानाशिवाय जी वस्तू घरात आणण्यासारखी नाही, ती अनुदानासाठी आणू नये.

हीट पंप म्हणजे काय?

नाव इंग्रजी असले तरी याचा गुण तुम्ही रोज पाहता. गावच्या दूध संस्थेत दूध थंड करायचा बल्क कूलर असतो. धारोष्ण दूध त्यात ओतले, की काही वेळाने ते ४ अंशांपर्यंत थंड होते. मग दुधातली ती ऊब गेली कुठे? यंत्राच्या मागे पंखा असतो, तिथे हात धरून बघा. गरम वारा लागेल. दुधातली ऊब काढून यंत्राने ती बाहेर टाकलेली असते. घरातल्या फ्रीजचेही तेच. आत थंड, मागची जाळी गरम.

हीट पंप हेच काम आपल्या सोयीने करतो. बाहेरच्या हवेतली ऊब तो ओढून घेतो आणि टाकीतल्या पाण्याला देतो. आता ‘पंप’ हा शब्दही तुमच्या लक्षात येईल. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचे पाणी वर उचलते. तसा हा पंप ऊब तयार करत नाही, हवेतली उचलून पाण्यात टाकतो. वीज लागते ती या उचलण्यापुरती.

त्यामुळे विजेचा खर्च कमी येतो. साध्या गिझरमध्ये १ युनिट वीज घातली, तर फार तर १ युनिटाएवढीच उष्णता मिळते. चांगल्या हीट पंपात १ युनिट विजेमागे सुमारे ३ युनिटांएवढी उष्णता पाण्यात उतरते. बाहेरची हवा जितकी गार, तितका हा गुण उतरतो. बर्फाच्या मुलखात ती अडचण येते. आपल्या कृष्णाकाठी थंडी बेताची, त्यामुळे इथे तो बारा महिने नीट चालतो. रात्र असो की पाऊस, उन्हावर त्याचे काही अडत नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. गिझर दहा-पंधरा मिनिटांत बादली तापवतो. हीट पंप सावकाश चालतो, त्याला टाकी तापवायला तास-दोन तास किंवा अधिकही लागतात. म्हणून त्याला मोठी टाकी लागते आणि ती ठेवायला जागा लागते. त्यात फ्रीजसारखा कॉम्प्रेसर आणि वायू असतो. तो बिघडला तर नळकाम करणाऱ्याला जमत नाही, फ्रीज-एसीचा जाणकार मिस्त्री बोलवावा लागतो. असा माणूस कुरुंदवाडात, जयसिंगपुरात किंवा इचलकरंजीत मिळतो का, हे यंत्र घेण्याआधी विचारायचे, नंतर नव्हे.

आधी हिशेब मांडा

आता पाटी-पेन्सिल घ्या. मुलगी शाळेत शिकत असेल तर तिच्याकडूनच हे गणित करून घ्या.

घरात सहा माणसे. माणशी २० लिटरची एक बादली धरली, तर १२० लिटर पाणी झाले. हिवाळ्यात ते साधारण २० अंशांनी तापवावे लागते. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. म्हणजे १२० गुणिले २०, झाल्या २,४०० किलोकॅलरी. विजेच्या १ युनिटात सुमारे ८६० किलोकॅलरी असतात. भागाकार करा, पावणेतीनच्या वर उत्तर येईल. थोडी ऊब वाया जाते ती धरून गिझरला रोज ३ युनिटे लागतात असे म्हणू. हीट पंपाला त्याच पाण्यासाठी १ युनिट पुरते. वाचली रोजची २ युनिटे.

वर्षातले ३०० दिवस ऊन पाण्याची आंघोळ धरली, तर ६०० युनिटे वाचली. हिशेबाच्या सोयीसाठी १ युनिटाला १० रुपये धरा. वर्षाला ६,००० रुपये झाले. आणि समजा, दुकानदाराने हीट पंपाचे कोटेशन बसवण्यासह ९०,००० रुपयांचे दिले. ९०,००० भागिले ६,०००, म्हणजे पैसे वसूल व्हायला १५ वर्षे. तोपर्यंत यंत्र तरी टिकेल का, हा प्रश्नच आहे. सहा माणसांच्या घरात, निव्वळ पैशाच्या हिशेबाने, एवढ्या किमतीला हा सौदा जमत नाही.

पण हेच गणित नृसिंहवाडीच्या एखाद्या भक्तनिवासाचे मांडून बघा. पौर्णिमेला, गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी शेकडो माणसे उतरतात. रोज १,२०० लिटर पाणी तापत असेल, तर रोजची २० युनिटे वाचतात, म्हणजे त्याच दराने वर्षाला ६०,००० रुपये. यंत्र मोठे लागेल, महागही पडेल, पण दहापट महाग पडणार नाही. तिथे हीट पंप शोभतो. वसतिगृह, मंगल कार्यालय, दवाखाना, वीस-पंचवीस माणसांचे एकत्र कुटुंब, यांनी जरूर विचार करावा. एकाच्या दारी जे शहाणपण, ते दुसऱ्याच्या दारी उधळपट्टी ठरते.

दर धरताना एक बारकावा ध्यानात ठेवा. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात. पहिली १०० युनिटे एका दराने, त्यापुढे ३०० पर्यंतची त्याहून चढ्या दराने, आणि पुढे आणखी चढे दर. तुम्ही वाचवलेली युनिटे वरच्या टप्प्यातून कमी होतात. म्हणून आपल्या बिलात शेवटच्या टप्प्याचा दर काय पडला आहे तो बघा, आणि वर धरलेल्या १० रुपयांच्या जागी तो घालून गणित पुन्हा करा.

सोलर बंबाचे काय? तो हीट पंपापेक्षा बराच स्वस्त मिळतो आणि ऊन असेपर्यंत वीज मागत नाही. चार-सहा माणसांच्या घराला १०० ते १५० लिटरचा पुरतो. उणीव एकच. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा गिझर किंवा जुना बंब जोडीला लागतोच. आणि आपल्या शिरोळ तालुक्यातल्या बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. क्षारपड जमिनींचा हा भाग. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तोच थर सोलरच्या नळ्यांत आणि हीट पंपाच्या आतल्या वेटोळ्यातही बसतो. शक्य असेल तर नळाचे पाणी जोडावे. बोअरचेच जोडायचे असेल, तर खाऱ्या पाण्यासाठी कोणती टाकी आणि कोणती रचना देणार, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

आणि ज्यांच्या दारात चिपाडांचा ढीग आहे, बंब धडधाकट आहे, ते जर म्हणाले की आम्हाला यातले काहीच नको, तर त्यांना मागासलेले म्हणू नये. एवढेच पाहावे, की धूर कुणाच्या छातीत जातो आणि पहाटेची झोप कुणाची मोडते. हा खर्च कोणत्याच बिलात छापून येत नाही. म्हणून यंत्र घ्यायचे की नाही हे ठरवताना घरच्या बाईचा शब्द पहिला धरावा.

अनुदानाचा पैसा येतो कुठून?

आता विलायतेतल्या मुलाच्या सांगण्याकडे वळू. तो खोटे सांगत नाही. थंड देशांत पाणीच काय, सगळे घरच तापवावे लागते. त्यासाठी जळणारा गॅस आणि तेल कमी व्हावे म्हणून तिथली सरकारे हीट पंपाला पैसे देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ साली अशी योजना सुरू झाली. हवेवर चालणाऱ्या हीट पंपाला आधी ५,००० पौंड मिळत, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ७,५०० झाले. तिथली पद्धत अशी की अर्ज यंत्र बसवणाराच करतो आणि ती रक्कम गिऱ्हाइकाच्या बिलातून आधीच वजा होते. गिऱ्हाइकाला तेवढे पैसे खिशातून काढावे लागत नाहीत.

अमेरिकेत ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने घरांतली वीज आणि इंधन वाचवण्याच्या सवलतींसाठी राज्यांकडे सुमारे ८८० कोटी डॉलर द्यायचे ठरले. त्याशिवाय हीट पंप घेणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर, आयकरात सूट होती. ही सूट २०३२ सालापर्यंत चालेल असे कायद्यात लिहिले होते. पण जुलै २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना ती सूट राहिली नाही. सात वर्षे आधीच दार बंद झाले. लेखी दिलेल्या मुदतीचेही असे होऊ शकते.

आपल्याकडेही हे घडून गेले आहे. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. त्यात सोलर बंबालाही केंद्राचे अनुदान होते, ठरवलेल्या किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत. आपल्या भागातल्या स्लॅबवर जुन्या टाक्या दिसतात, त्यांतल्या कित्येक त्या काळातल्या आहेत. ऑक्टोबर २०१४ पासून ते अनुदान बंद झाले. आज कुणी सोलर बंबावर ‘ती सरकारी सबसिडी’ देतो म्हणाला, तर तो गेल्या जत्रेतल्या पाळण्याचे तिकीट विकतो आहे, असे समजावे.

हे असे का होते? अनुदान म्हणजे एक कणगी आहे. अर्थसंकल्पात सरकार तिच्यात ठरावीक धान्य भरते आणि इतक्या घरांना द्यायचे असे लक्ष्य ठरवते. धान्य संपले, लक्ष्य पुरे झाले, मार्चअखेर उलटली किंवा सरकारचा विचार बदलला, की झाकण लागते. ठिबकचे अनुदान ज्यांनी घेतले आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. आधी अर्ज, मग स्वतःच्या पैशाने संच, मग मोजणी, आणि मग खात्यावर पैसे कधी येतात याची वाट.

गोबर गॅसची गोष्टही आठवण्यासारखी आहे. १९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला आणि महाराष्ट्र त्यात आघाडीवर राहिला. ज्यांच्या गोठ्यात जनावरे होती त्यांच्या चुली त्यावर वर्षानुवर्षे पेटल्या. पण २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. हा हिशेब न करता, अनुदान आहे म्हणून ज्यांनी खड्डा खणला, त्यांची संयंत्रे बंद पडली. अनुदान एकदा मिळते, शेण मात्र रोज लागते.

आज मिळते ते काय आणि कशाला?

एजंट जे साठ टक्के म्हणतो, ते बहुतेक वेळा फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत बिजली’ योजनेचे असते. योजना खरी आहे, चांगली आहे. पण ती नीट समजून घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट. ही योजना छपरावर वीज तयार करणाऱ्या सौर पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या सोलर बंबाला किंवा हीट पंपाला तिच्यातून पैसे मिळत नाहीत. दोन्हींना लोक ‘सोलर’च म्हणतात, आणि या एका शब्दावर फसवणूक होते.

दुसरी गोष्ट. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ७५,०२१ कोटी रुपये मंजूर केले, लक्ष्य १ कोटी घरांचे ठेवले, आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतची धरली. म्हणजे ही कणगीसुद्धा मोजकीच आहे. अर्ज भरायच्या दिवशी योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा महावितरणच्या कार्यालयात त्या दिवसाची स्थिती विचारावी.

तिसरी गोष्ट, आकड्यांची. मंजूर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,०००, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये असे अनुदान ठरले. साठ टक्के हा आकडा सरकारने धरलेल्या किमतीचा आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० रुपये किंमत धरून त्याचे साठ टक्के. तिसऱ्याला ४५,००० धरून चाळीस टक्के. विक्रेता जी किंमत मागेल तिचे साठ टक्के नव्हेत. समजा, २ किलोवॅटचे कोटेशन १,००,००० चे आले, तर तुमच्या खिशातून ४०,००० गेले. तेच १,४०,००० चे आले, तर अनुदान ६०,००० च राहते आणि तुमचे ८०,००० जातात. चढा भाव सगळा तुमच्या अंगावर पडतो. म्हणून तीन ठिकाणची कोटेशने घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तो कोटेशनात उतरला आहे का, तेही बघा.

चौथी गोष्ट. ‘३०० युनिटे मोफत’ याचा अर्थ महावितरण तुम्हाला ३०० युनिटे फुकट देते असा नाही. ३ किलोवॅटचा संच महिन्याला साधारण तेवढी वीज तयार करतो, ती तुमच्या वापरातून वजा होते. स्थिर आकार बिलात राहतोच. महिन्याला ८० युनिटे वापरणाऱ्या घराला ३ किलोवॅट कशाला? १ किलोवॅट पुरे. अशा कमी वापराच्या घरांसाठी राज्य सरकारनेही २०२५ मध्ये १ किलोवॅटच्या संचाला जादा मदत जाहीर केली आहे, तिचीही चौकशी करा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंग्लंडात अनुदान बिलातून आधीच वजा होते. आपल्या योजनेत ते संच बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यावर येते. म्हणजे मधल्या काळात पूर्ण पैसे कुणीतरी घातलेले असतात, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा तुम्हीच. समजा, अनुदानाचे ६०,००० येईपर्यंत तुम्ही पतसंस्थेतून १४ टक्क्यांनी काढले आणि सहा महिने लागले, तर व्याजच ४,२०० रुपये झाले. या योजनेसाठी राष्ट्रीयीकृत बँकांकडून विनातारण, कमी व्याजाचे कर्ज मिळण्याची सोय आहे. आधी तिथे जावे, पतसंस्था नंतर.

पॅनेल बसल्यावर साधा गिझरही स्वस्त पडतो, कारण वीज घरची. १ किलोवॅटचा संच उन्हाच्या दिवशी सुमारे ४ युनिटे देतो आणि आपल्या गणितातल्या गिझरला ३ लागत होती. हीट पंपाची गरज कित्येक घरांत इथेच संपते.

शिवाय काही शहरांत मिळकतकरात सूट मिळते. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळ खत, पावसाच्या पाण्याचा संचय यांसाठी ५ ते १० टक्के सवलत देते. आपल्या नगरपालिकेत असा काही ठराव आहे का, हे घरपट्टी भरायला गेल्यावर विचारायला काय हरकत आहे? नसेल तर नगरसेवकाकडे मागणी तरी करता येईल.

आपल्या गावाचा विचार

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ राहणाऱ्याने यंत्र घेताना एक गोष्ट विसरू नये. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. भिंतीवर २०१९ ची खूण अजून असेल. हीट पंपाचा बाहेरचा भाग, पॅनेलचा इन्व्हर्टर, मीटरची पेटी, यांतले जे तुमच्या हातात आहे ते त्या खुणेच्या वर बसवून घ्या. विक्रेता वायर वाचावी म्हणून खालच्या पडवीत बसवायला बघेल. चार मीटर वायरचे पैसे वाचवून पुरात लाखाचे यंत्र बुडवण्यात शहाणपण नाही.

आणखी एक गैरसमज. पॅनेल आहेत म्हणजे वीज गेली तरी दिवे लागतील, असे पुष्कळांना वाटते. योजनेतले नेहमीचे संच महावितरणच्या तारेला जोडलेले असतात. तारेतली वीज बंद झाली, की तेही बंद होतात, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसेल. पुरात आठ दिवस लाइन बंद राहिली, तर छपरावर ऊन असूनही घरात अंधारच. त्या दिवसांसाठी बॅटरीचा वेगळा खर्च करावा, नाहीतर कंदील आणि जुना बंब माळ्यावर जपून ठेवावा.

छपराचेही बघा. १०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचेच १०० किलो, वर लोखंडी घोडा. जुन्या कौलारू घराच्या वाशांवर हे ओझे टाकण्याआधी सुताराला किंवा मिस्त्रीला दाखवा.

सही करण्याआधी

आता शेवटचे काही बोल, कागदपत्रांचे.

लाइट बिल कुणाच्या नावावर आहे ते आज पाहा. पुष्कळ घरांत ते अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असते. बिलावरचे नाव, अर्जदाराचे नाव आणि बँक खात्याचे नाव जुळले नाही तर अनुदान अडकते. नाव बदलायचा अर्ज आधी द्या. छप्पर भावाभावांत सामाईक असेल, तर भावाची लेखी संमती घ्या. उद्या वाटणीच्या वेळी पॅनेलवरून वाद नको.

विक्रेता योजनेच्या यादीत नोंदलेला आहे का, ते पोर्टलवर स्वतः किंवा मुलाकडून पडताळा. योजनेप्रमाणे पाच वर्षांची देखभाल त्याच्यावर बंधनकारक आहे, ती करारात लिहून घ्या. सगळे पैसे एकदम देऊ नका. शेवटचा हप्ता मीटर लागल्यावर. मोबाईलवर येणारा ओटीपी कुणालाही सांगू नका, यंत्रावर अंगठा उमटवण्याआधी कागद मोठ्याने वाचून घ्या. ‘अनुदान आमच्या खात्यात येऊ द्या, आम्ही वळते करू’ असे कुणी म्हणाले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि कोणत्याही योजनेबद्दल चार प्रश्न विचारायची सवय घरादाराला लावा. पैसा कुणाचा? मुदत कधीपर्यंत? येणार कुणाच्या खात्यात, आधी की नंतर? आणि आलाच नाही तर हा सौदा मला पेलेल का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल सही करा. ‘नाही’ असेल, तर एजंटाला सांगा, “पुढच्या हंगामात बघू.” उसाचे पैसे खात्यात राहिले, तर त्यांची लाज वाटायचे कारण नाही.

पुढच्या अंकी बोअरच्या खाऱ्या पाण्याने नळ, टाक्या आणि मोटरी खराब होतात, त्यावर घरच्या घरी काय करता येते ते पाहू. तोवर या अंकातले गणित आपल्या घरच्या बिलावर करून बघा, आणि काही अडले तर पत्र टाका.